जुनेराचा इतिहास

कोल्हापूरच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी शालूवर लिहिले, फेट्यावर लिहिले, चपलांवर तर पुष्कळच लिहिले. ज्या वस्तूवर या जिल्ह्यातील बहुतेक माणसे जन्मली आणि निजली, तिच्याविषयी मात्र क्वचितच कोणी चार ओळी खरडल्या. ती वस्तू म्हणजे वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे कन्नड घरांत कौदी. आमच्याकडे वाकळच. घरातील जुनी धडुती एकावर एक अंथरून घरच्याच बाईने शिवलेले हे अंथरूण-पांघरूण. थंडीत ते अंगावर येते, उन्हाळ्यात अंगाखाली जाते आणि पाहुणा आला की दुहेरी घडी घालून त्याच्यासाठी बैठक होते.

या दुर्लक्षाचे एक कारण अगदी साधे आहे. वाकळ जुनी होऊन उरत नाही. शालू पेटीत राहतो, वाकळ वापरून संपते. संपते म्हणजे तरी काय? विरली की तिच्यावर नवे जुनेर चढते आणि ती नव्या वाकळीच्या पोटात जाते. म्हणून शंभर वर्षांची वाकळ संग्रहालयात शोधू नये. ती असलीच तर कोणाच्या तरी अंथरुणाच्या तिसऱ्या-चौथ्या थरात असेल.

शब्दाचा माग मात्र काढता येतो, आणि तो आपल्याला थेट गोव्याच्या आर्चबिशपांच्या वाड्यात नेतो. यान ह्युगेन फान लिन्स्कोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यास आला, तो आर्चबिशप व्हिसेन्ते द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून. त्याचे प्रवासवर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. खंबायतच्या मालाविषयी लिहिताना त्याने रेशमाने टाके घातलेल्या सुंदर पांघरुणांचा उल्लेख केला आहे आणि त्यांना ‘गोदोरीन’ म्हटले आहे. ही आपली गोधडीच! हिंदुस्थानात राहणाऱ्या पोर्तुगीजांच्या जिभेवर ती इतकी रुळली की आसगावचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांनी आपल्या शब्दकोशात तिला जागा दिली. गंमत अशी, की साहेबाच्या पलंगावर गेलेली गोधडी रेशमी झाली आणि कुणब्याच्या सोप्यात राहिलेली चिंध्यांचीच राहिली. नाव एकच.

आता ती होते कशी ते पाहू. याचे गणित लुगड्यात आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौघडी घातली की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात, आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याइतकी, साडेतीन-चार फूट. एक माणूस नीट निजेल एवढे हे माप, आणि कात्री कोठेही लागत नाही. दोघांची वाकळ हवी असेल तर दोन लुगडी शेजारी जोडावयाची. आत धोतराचे धड, सदऱ्याची पाठ, पोराचे चिरगुट, जे मिळेल ते. वरचा पालव मात्र त्यातल्या त्यात धडक्या लुगड्याचा. कापड आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे लागते. मग सारवलेल्या जमिनीवर ते ताणून अंथरावयाचे, सुरकुती हाताने काढावयाची, कोपऱ्यांवर वरवंटा किंवा पाटा ठेवावयाचा. नंतर जाड सुईने कडेपासून धावदोऱ्याचा टाका सुरू होतो. एक फेरा पुरा झाला की बोटभर आत दुसरा, असे फिरत फिरत मध्यापर्यंत. टाका जवळ घातला तर वाकळ टिकते पण ताठ होते. लांब घातला तर मऊ राहते पण आतली चिंधी गोळा होते. हा तोल ज्या बाईला साधला तिची वाकळ ओळखू येत असे.

हे काम चैत्र-वैशाखातले. सुगी संपलेली, पाऊस दूर, ऊन भरपूर. एकटीने ते होत नाही. शेजारणी चारी बाजूंनी बसत आणि टाक्याबरोबर गावभरची उणीदुणीही शिवली जात. ज्यांच्या घरी हात मोकळे नसत त्यांना मजुरीवर वाकळ शिवून देणाऱ्या बायाही होत्या. धुणे मात्र वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी. घटस्थापनेपूर्वी पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठावर वाकळी वाळत पडत. भिजलेली वाकळ उचलावयाची म्हणजे दोन माणसे लागत.

वाकळीत कोरे कापड घालू नये, हा या बायांचा पहिला नियम. कोरे कापड पहिल्याच धुण्यात आटते, भोवतालचे जुने आटून चुकलेले असते, आणि मग टाक्यापाशी चीर पडते. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावण्याचा दृष्टान्त दिला आहे. प्रवचनांतून आपण त्याचा अर्थ पुष्कळ ऐकतो. परंतु तो दृष्टान्त सुचण्यासाठी ठिगळ लावणारे हात जवळून पाहिलेले असावे लागतात. नाझरेथच्या घरात ते कोणाचे होते, हे सांगावयास नको.

वाकळ गरिबीइतकी जुनी असेल. परंतु आपण पाहिलेली रंगीबेरंगी वाकळ गिरणीच्या स्वस्त कापडाची लेक आहे असे मला वाटते. जेथे वर्षाला एक वस्त्र मिळण्याची मारामार, तेथे पाच-सहा थर जमणार कोठून? तोवर अंगावर घोंगडे आणि अंगाखाली पटकूर. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग चालविला. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीचा पाया घातला. पुढे इचलकरंजीची लुगडी बाजारोबाजारी गेली, आणि दहा-बारा वर्षांनी त्यांचे जुनेर वाकळीत उतरले.

याच काळाने वाकळी जाळल्याही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच कोल्हापूर संस्थानातही शिरला. मुंबई इलाख्यात प्लेगच्या बंदोबस्तात रोग्याचे अंथरूण जाळण्याचा प्रघात होता. रोग उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये दाखविले, तेव्हा जाळण्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. परंतु ज्या घरात एकच वाकळ होती, तेथे रोगातून वाचलेल्यांनी त्या थंडीत काय पांघरले, याची नोंद कोणी ठेवली? दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, कापडावर नियंत्रण आले. कंट्रोलच्या त्या दिवसांत लुगड्याला दंड घालून नेसत, म्हणजे विरलेला भाग काढून दोन धडके तुकडे जोडीत. तेव्हा वाकळीच्या वाट्याला येणारे जुनेरही अधिकच जुने झाले.

येथून दक्षिणेला, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी आणि इतरांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांचे ते वंशज. गोव्यातून पळून त्यांच्यापैकी कित्येकांनी रान गाठले. त्यांच्यात कॅथलिक आहेत, मुसलमान आहेत, हिंदूही आहेत. त्यांच्या बायका ‘कवंद’ शिवतात. तीही जुन्या कपड्यांची, कडेकडून मध्याकडे, आमच्या वाकळीसारखीच. चारी कोपऱ्यांत मात्र त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लागतात. ती नसली तर कवंद उघडी राहिली असे त्या म्हणतात. ख्रिस्ती घरची बाई कधी ठिगळांतून क्रूस काढते, मुसलमान घरची चंद्रकोर. हेन्री ड्रूअल या अमेरिकन कला-इतिहासकाराने त्यांचा अभ्यास केला आणि त्या कवंदी परदेशांतील प्रदर्शनांत टांगल्या गेल्या. आपल्याकडच्या बायांना असा अभ्यासक लाभलेला नाही.

वाकळ मागे पडली ती सोलापुरी चादरीमुळे, असे सरसकट सांगतात. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. लुगडे गेले आणि पाचवारी साडी आली, तेव्हाच गणित मोडले. पंधरा-सोळा फुटांची चौघडी घातली तर ती चार फुटांची होते. बाळाचे दुपटे होईल, मोठ्या माणसाचे पाय उघडे राहतील. त्यात साडी नायलॉनची. ती घाम टिपत नाही, टाका धरत नाही, थर एकमेकांवरून सरकतात. पूर्वी सून सासूच्या जुनेरात निजत असे, आता ते जुनेर बोहारणीकडे जाते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर दारोदार चिखलाने माखलेल्या अंथरुणांचे ढीग पडले. त्यांत वाकळीही होत्या. मदतीला सतरंज्या आल्या, नव्या चादरी आल्या, आणि त्यांची गरज होतीच. यापोची टबीथा मेली तेव्हा तिच्याभोवतीच्या विधवा पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखवीत रडत होत्या, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. काही बायांनी या ढिगांतून आपली वाकळ ओढून काढली, नदीवर नेली, आणि धुऊन पाहिली. ज्या धुण्याने फाटल्या त्यांचे टाके उसवले, आतला धड थर वेगळा काढला आणि पुढच्या वैशाखासाठी माळ्यावर टाकला.