बाळंतपणाची रजा : पाचव्या महिन्यातच मांडावे असे गणित

गोंदिया स्थानकाच्या फलाटावर सकाळी उभे राहिले की एका हातात डबा आणि खांद्यावर पर्स घेतलेल्या स्त्रियांची ठरलेली गर्दी दिसते. कुणी आमगाव-सालेकशाच्या शाळेत निघालेली असते, कुणी तिरोड्याच्या कार्यालयात, तर कुणी बल्लारशा मार्गाने अर्जुनी मोरगावच्या दवाखान्यात. 'अप-डाऊन' हा शब्द या जिल्ह्यात केव्हाच मराठी झाला आहे. यांपैकी एखादीला दिवस गेले की घरात पहिली चर्चा होते ती डॉक्टर कोणता आणि पहिले बाळंतपण माहेरी की सासरी, याची. रजेचा विषय निघतो तो सातव्या-आठव्या महिन्यात, ओटीभरण झाल्यावर. तोवर काही गोष्टी हातातून निसटलेल्या असतात.

रजा किती मिळावी हे नियमांनी ठरवून दिले आहे. ती कोणत्या दिवशी सुरू करायची, बाळ केवढे असताना कामावर परतायचे आणि त्या काळात हातात किती पैसा येईल, हे मात्र बऱ्याच अंशी स्त्रीने स्वतःच मांडायचे गणित आहे. पाचवा महिना ही त्यासाठी योग्य वेळ. सोनोग्राफीमुळे प्रसूतीची अपेक्षित तारीख कागदावर आलेली असते आणि बदल करायला अवधीही उरलेला असतो.

या हक्काला आपल्याकडे जुना इतिहास आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईला मिळणारी विश्रांती राष्ट्राच्या हिताची असल्याचे सांगितले होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि १९३० मध्ये मध्य प्रांताचा. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. (स्वतंत्र गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी.) देशभरासाठीचा प्रसूती लाभ अधिनियम १९६१ मध्ये आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. मुख्य तरतुदी तशाच आहेत; मात्र कार्यालयाशी पत्रव्यवहार करताना आता संहितेचा उल्लेख करावा.

तारखांचा हिशेब

खासगी कारखाना, किंवा दहा वा अधिक माणसे कामावर असलेली शाळा, रुग्णालय, दुकान, कार्यालय येथे संहितेतील तरतूद लागू होते. पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे, म्हणजे १८२ दिवस. त्यांपैकी अपेक्षित तारखेपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील तर एकूण बारा आठवडे आणि त्यांतील सहा आधी. आठवडा म्हणजे रविवार धरून सात दिवस, आणि पैसेही सातही दिवसांचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले आहे.

समजा, अपेक्षित तारीख २० नोव्हेंबर आहे. आठ आठवडे आधी रजा घ्यायची तर ती २५ सप्टेंबरला सुरू होईल आणि २५ मार्चला संपेल. बाळ चार महिन्यांचे होऊन थोडेच दिवस झालेले असतील आणि आई पुन्हा गाडीत असेल. तीच रजा ६ नोव्हेंबरपासून घेतली तर ६ मेपर्यंत पुरते. बाळ साडेपाच महिन्यांचे होते. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ आईचे दूध द्यावे, असे डॉक्टर सांगतात. त्या सल्ल्याच्या जवळ जायचे तर आधीचे दिवस वाचवावे लागतात. बाळ दहा दिवस उशिरा आले तर ते दहा दिवस नंतरच्या वाट्यातून वजा होतात, हेही लक्षात असू द्यावे.

म्हणून सरसकट 'शेवटपर्यंत कामावर जा' असे मात्र कुणी सांगू नये. टेबलापाशी बसून काम करणारी आणि रोज दीड तास गाडीत, पुढे ऑटोत धक्के खाणारी, या दोघींचे गणित एक नाही. रक्तदाब किंवा रक्तक्षय असेल तर तारीख डॉक्टरांनी ठरवावी. मधला एक मार्ग नियमांतच आहे आणि तो फारच थोड्या जणींना ठाऊक असतो. प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरचा जो एक महिना, त्या काळात स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. त्या सहा आठवड्यांत ती रजेवर गेली नसेल तर तेव्हाही हेच लागू. दिवसभर उभ्याने शिकवणाऱ्या शिक्षिकेने, वॉर्डातील परिचारिकेने, कापड दुकानातील विक्रेतीने ही मागणी लेखी करावी. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तर तिला कामावर ठेवण्यासच मनाई आहे. तिने स्वतः होकार दिला तरीही.

दुसरा आकडा ८० दिवसांचा. अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. भरपगारी सुट्ट्या त्यात धरल्या जातात. नोकरी बदलण्याचा विचार असेल तर हा आकडा आधी पाहावा. चांगल्या पगारासाठी सहाव्या-सातव्या महिन्यात नवी नोकरी धरली आणि ८० दिवस भरले नाहीत, तर जुनी रजाही गेली आणि नवीही मिळाली नाही, अशी गत होते.

पैशाचा हिशेब तितकाच बारकाईने करावा. रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन कॅलेंडर महिन्यांतील सरासरी दैनिक वेतनानुसार रक्कम मिळते. येथे 'वेतन' हा शब्द जपून वाचावा. संहितेच्या व्याख्येत मूळ वेतन व महागाई भत्ता येतात. घरभाडे, प्रवास भत्ता, जादा कामाचा मोबदला सहसा येत नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरची रक्कम वेतनात मिळवली जाते. त्यामुळे दरमहा खात्यात जमा होणारा आकडा रजेतही तसाच येईल, असे गृहीत धरून घराचा हप्ता ठरवू नये. लेखा विभागाकडून आकडा आधीच लिहून घ्यावा. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायची असते. मालकाने मोफत वैद्यकीय सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, आणि प्रसूतीमुळे आजारपण आल्यास आणखी एक महिना भरपगारी रजा मिळते. ही शेवटची तरतूद वैद्यकीय दाखल्याअभावी अनेकींची वाया जाते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत पगारातून कपात होत असेल तर पैसे मालक देत नाही, महामंडळ देते, रजा तितकीच. मात्र पात्रता वर्गणीवर ठरते. आधीच्या दोन वर्गणी-कालावधींत (एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. नुकत्याच लागलेल्या मुलींनी हे आधी तपासावे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षिका व राज्य शासनाच्या कर्मचारी यांची वाट निराळी. त्यांना सेवा नियमांनुसार दोन अपत्यांपर्यंत १८० दिवसांची रजा मिळते आणि २०१८ पासून मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही. ही दुसरी रजा पहिल्याच वर्षी संपवू नये, असे माझे मत आहे. मूल दहावीत असताना किंवा लांब आजारात पडल्यावर तिची खरी किंमत कळते. अंगणवाडी सेविकांनाही दोन बाळंतपणांसाठी १८० दिवसांची भरपगारी सूट आहे.

कंत्राटी कर्मचाऱ्यांचा प्रश्न या जिल्ह्यात मोठा आहे, कारण आरोग्य सेवेचा बराच भार अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या परिचारिका उचलतात. 'करार संपला, आता रजा कसली?' हे उत्तर त्यांना ठरलेले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कविता यादव प्रकरणात हे उत्तर चूक ठरवले. ८० दिवसांची अट पूर्ण झाली असेल तर कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण काळाचा मिळतो. रोजंदारीवरील स्त्रियांचा हक्क तर याच न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात २००० मध्येच मान्य केला होता. अर्जाला या निर्णयांचा उल्लेख जोडला की कार्यालयाची भाषा बदलते.

राजीनामा लिहून देऊ नका

छोट्या खासगी शाळा, शिकवण्या, दवाखाने येथे एक गोड बोलणे नेहमी ऐकू येते : 'ताई, सध्या राजीनामा लिहून द्या, बाळ मोठे झाले की या, जागा तुमचीच आहे.' बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण त्या एका कागदाने सव्वीस आठवड्यांचा पगार, सलग सेवा आणि परतीचा हक्क, सारेच जाते. रजेच्या काळात कामावरून काढणे, काढण्याची नोटीस देणे किंवा सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करणे बेकायदा आहे. गरोदरपणात काढून टाकले तरी, एरवी ती पात्र असती तर, लाभ देणे मालकाला चुकत नाही. अशा आदेशाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागावी लागते. त्यासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

आता पहिले बाळंतपण माहेरी. गोंदियाच्या कितीतरी सुनांचे माहेर बालाघाट किंवा राजनांदगाव, म्हणजे राज्याच्या सीमेपलीकडे. तेथे जाण्यापूर्वी रजेचा अर्ज, अपेक्षित तारखेचा दाखला आणि पैसे कोणाला द्यायचे त्या व्यक्तीचे नाव, हे तिन्ही कार्यालयात देऊन पोच घ्यावी. सही करायला मागाहून येणे जमत नाही. जन्माची नोंद जेथे बाळ जन्मले तेथेच होते आणि ती २१ दिवसांत करायची असते. त्यामुळे दाखला त्या गावचा, कदाचित दुसऱ्या राज्याचा असेल. त्याने हक्काला बाधा येत नाही. फक्त त्यावरील आईचे नाव नोकरीच्या कागदांतील नावाशी जुळते की नाही, हे घेतानाच पाहावे. लग्नानंतर एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे आडनाव, या एका कारणाने अडकलेली प्रकरणे थोडीथोडकी नाहीत.

ज्यांना पगारी रजाच नाही, त्यांचे काय? घरी विड्या वळणाऱ्या, भातगिरणीत धान साफ करणाऱ्या, इमारतीवर विटा वाहणाऱ्या स्त्रिया या जिल्ह्यात नोकरदार स्त्रियांहून कमी नसाव्यात. 'आम्ही तर रोवणीच्या चिखलातून उठून बाळंत झालो,' असे सासूबाई सांगतात, त्यात कौतुक आहे तितकीच लाचारीही आहे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही प्रसूती लाभ दिला होता; वैद्यकीय बोनस मात्र तिला नाकारला होता. तोही कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितांत गेला. लाभ नावापुरता राहण्याचे कारण कायद्याहून साधे आहे. ठेकेदाराच्या वहीत तिचे नाव नसते, असले तर सासूचे असते. नोंदवही किंवा ओळखपत्र स्वतःच्या नावाचे असणे, हे तिच्यासाठी रजेच्या नियोजनातले पहिले पाऊल आहे.

अशा स्त्रियांसाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे होते आणि जन्मानंतर २७० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. नियमित सरकारी नोकरी असलेल्यांना किंवा कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्यांना ही योजना नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद असलेल्या स्त्रीला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेसाठी २०,००० रुपयांची मदत आहे. त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून प्रसूतीनंतर मागत बसण्यापेक्षा काम चालू असतानाच घेतलेला बरा.

शेवटी परतीचा दिवस. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटी मिळते. पन्नास वा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आहे. पण देवरीला नोकरी आणि बाळ गोंदियात, अशी स्थिती असेल तर या सुट्या कागदावरच राहतात. अंगणवाडी तीन वर्षांनंतरच्या मुलांना सांभाळते, त्याआधीच्या बाळांना नाही. म्हणून रजेचा अर्ज देतानाच दोन गोष्टींचा विचार व्हावा : पहिली, नोकरीच्या गावी वर्षभर खोली घेऊन आईला किंवा सासूबाईंना सोबत नेणे शक्य आहे का; दुसरी, काम घरून करण्याजोगे असेल तर मालकाशी तसे ठरवणे. हे दुसरे उभयतांच्या संमतीने नियमांतच बसते. फक्त ते रजा संपण्यापूर्वी, लेखी ठरवून घ्यावे.