लाइन बंद राहील! पण कोणती?

लोकलच्या गोंगाटात ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून टाकतोय. थोडी काटछाट केलीये, बाकी जसं बोललो तसंच.

सुरुवात आमच्या भाईंदरच्या सोसायटीपासून. ग्रुपवर सेक्रेटरी काकांचा मेसेज आला, "उद्या १० ते ४ लाइन बंद राहील." बस, एवढंच. आईनं पिंप, बादल्या, अगदी कुकरसुद्धा पाण्यानं भरून ठेवला. मी ट्रेनचं समजून मॅनेजरला वर्क फ्रॉम होमचा मेल टाकला (मंगळवारी कसला आलाय मेगाब्लॉक, हे नंतर सुचलं). शेजारच्या काकूंना वाटलं गॅस जाणार, त्यांनी सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकला.

दहा वाजता गेली ती वीज.

वरच्या मजल्यावर एक आजोबा ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. त्यांच्या सूनबाईंनीही पाणीच भरून ठेवलं होतं. घरात एक छोटा सिलिंडर होता म्हणून निभावलं. तो संपायच्या आत आम्ही दोघं स्कूटरवरून जाऊन दुसरा घेऊन आलो. आजोबा ठीक आहेत. पण सेक्रेटरी काका मनापासून गोंधळले होते. "अरे, मी स्पष्ट लिहिलं होतं ना, लाइन म्हणून!"

काका मूळचे अकोल्याचे. विदर्भात वीज गेली की सरळ म्हणतात, "लाइन गेली." मुंबईकडे आपण म्हणतो "लाइट गेली." काकांच्या मराठीत तो मेसेज शंभर टक्के स्पष्ट होता.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात बसलाय. एकच इंग्रजी शब्द, पण तो आपल्याकडे एका वाटेनं आलेला नाही. निदान चार-पाच दारांनी आत शिरलाय, आणि प्रत्येक दारातून वेगळा अर्थ घेऊन.

पहिलं दार लष्कराचं. इंग्रजांच्या फौजेत तंबू किंवा बराकी रांगेत मांडायच्या, त्या रांगांना म्हणायचे 'लाइन्स'. आता मरीन लाइन्स स्टेशन घ्या. मला कॉलेजपर्यंत वाटायचं, समुद्राजवळून रेल्वेची लाइन जाते म्हणून ते नाव. चूक! तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या, 'मरीन बटालियन लाइन्स'. रोज लाखो लोक रेल्वेच्या लाइनवरून त्या स्टेशनातून जातात आणि त्या नावातल्या लाइनचा रुळांशी काही संबंधच नाही. नागपूरचं सिव्हिल लाइन्स त्याच घराण्यातलं, फक्त तिथे शिपायांऐवजी गोरे साहेब राहायचे. गावोगावची 'पोलीस लाइन' हाही त्याच बराकींचा वारसा.

दुसरं दार रेल्वेचं, आणि इथे आपण भाईंदरकर आलोच. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हाच्या मराठीत रेल्वेला 'लोखंडी रस्ता' म्हणत. आपल्या बाजूला बीबीसीआय कंपनीची गाडी विरारहून थेट मुंबईत बॅकबेपर्यंत जायला लागली १८६७ मध्ये. कंपनी गेली, १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे आली, लोकांच्या तोंडी 'वेस्टर्न लाइन' मात्र पक्की. आणि मुंबईत लाइन म्हणजे नुसते रूळ नाहीत, तो पत्ता आहे, जवळजवळ जात आहे. "मुलगी चांगली आहे हो, पण सेंट्रल लाइनची आहे," हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या घरात ऐकलंय. गंमत बघा, सरकारी मराठीत दहिसर ते मीरा-भाईंदर मेट्रोचं नाव आहे 'मेट्रो मार्ग ९'. 'मार्ग ९' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग तारा आल्या. १८५४ पर्यंत मुंबई, आग्रा, कलकत्ता ही शहरं टेलिग्राफनं जोडली गेली. त्यासाठी मराठीनं स्वतःचा शब्द वापरला, 'तार'. खांबावरची ती पण तार आणि पोस्टमन आणायचा ती पण तार. पण पुढे टेलिफोन आणि वीज आली आणि 'लाइन' जिंकली. लाइनमन, लाइन लागत नाही, लाइनवर थांबा. काकांची लाइन इथून आली.

रांगेची लाइन हे आणखी एक प्रकरण. ब्रिटिश माणूस रांगेला 'क्यू' म्हणतो, 'लाइन' म्हणतो तो अमेरिकन. मुंबईत १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना रेशनिंग सुरू झालं आणि दुकानासमोर रांगा लागल्या. नंतर रॉकेलची लाइन, २०१६ च्या नोव्हेंबरात एटीएमची लाइन. राज्य होतं ब्रिटिशांचं, पण रांगेत आपण अमेरिकन निघालो.

आणि पाण्याची लाइन? ती मीरा-भाईंदरमध्ये कोणाला सांगायची गरज नाही. सूर्या धरणातून वसई-विरार आणि आपल्यासाठी रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखली गेली, त्यातलं २१८ दशलक्ष लिटर आपल्या वाट्याचं. आमच्याकडे त्या सगळ्या प्रकल्पाला एकच नाव आहे, 'सूर्याची लाइन'. त्यामुळे "लाइन बंद" वाचून आईनं बादली उचलली, यात तिची काय चूक?

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. हा शब्द मूळचा लॅटिन, 'लिनिया'. म्हणजे जवसाच्या झाडाच्या धाग्याची दोरी. कापडातलं 'लिनन' त्याचंच भावंडं. म्हणजे लाइनच्या तळाशी एक ताणलेला धागा आहे. मराठीतही नेमकं तेच आहे! संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा, त्यावरून नियमाला आणि फॉर्म्युल्याला सूत्र म्हणायला लागलो. सूत्र धरून काम करणारा सूत्रधार, त्याचाच झाला सुतार. "त्याला लायनीवर आणतो" असं आज म्हणतो, तेच आजी म्हणायची "सुतासारखा सरळ करीन." दोन भाषा, धागा एकच.

बहुतेक म्हणूनच तो परका वाटला नाही. ओळ, रांग, रेघ, तार, दोरी, सगळ्या 'ती'. मग लाइनही 'ती' झाली. तिचं अनेकवचन आपण 'लायनी' केलं, 'लायनीत' उभे राहिलो, कॉलेजात लाइन मारली, बारावीनंतर "कुठल्या लाइनला जाणार?" हे ऐकलं. मी गेलो कोडच्या लाइनी लिहायच्या लाइनला. तिथे एक लाइन चुकली की प्रोग्रॅम बंद पडतो, तरी तिथे 'लाइन' शब्दाचा अर्थ एकच असतो, हे सुख आहे.

त्या मंगळवारनंतर ग्रुपवर ठरलं की नुसतं 'लाइन' लिहायचं नाही, आणि आजोबांच्या घरी मेसेजवर न थांबता स्वतः जाऊन सांगायचं. काका आता लिहितात, "उद्या लाइट बंद राहील." परवा त्याखाली शेजारच्या काकूंनी विचारलं, "जिन्यातली फक्त, की सगळी?"

तुमच्या गावाकडे "लाइन गेली" म्हणजे काय गेलं, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.