अकलोलीचं गरम पाणी आणि किल्लारीची पहाट

भिवंडी तालुक्यात, तानसा नदीकाठी अकलोलीची गरम पाण्याची कुंडं आहेत. खाली ज्वालामुखी नाही बरं का! पाणी काळ्या खडकातल्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. म्हणजे आपला दगडांचा देश आतून सलग नाही. भेगांवर ताण साठतो, एक बाजू अचानक सरकते, तोच भूकंप.

11 डिसेंबर 1967 ला कोयना हादरलं. तिथे धरण भरू लागल्यापासूनच धक्के जाणवत होते. पाण्याचा भार आणि भेगांत मुरणारं पाणी, दोन्हींमुळे ताणलेला खडक निसटतो.

पण मला सगळ्यात जास्त टोचते ती किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3:56. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. तीव्रता सुमारे 6.2, जगाच्या मानाने मध्यमच. तरी हजारो माणसं गेली. का? केंद्र उथळ होतं आणि घरांच्या जाड भिंती दगड-मातीच्या, डोक्यावर जड माळवद.

भूकंपाची तारीख कुणीच सांगू शकत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवालेही नाहीत. घर कसं बांधायचं, ते मात्र आपण ठरवू शकतो. म्हणून नवं घर घेताना टाइल्सच्या आधी विचारा: हे भूकंपात टिकेल ना?