पांढरा कोळसा आणि आंबेमोहोर



गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला होता. सौर ऊर्जा, बॅटऱ्या, हरित हायड्रोजन अशा नव्या क्षेत्रांतल्या कंपन्या सांगतात की आम्ही नफाही कमावतो आणि जगाचा प्रश्नही सोडवतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटतं का? मी त्यांना कळवलं, उत्तर देतो, पण त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागेल. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तेव्हाचं नवं क्षेत्र होतं वीज. आपल्याला आज ते नवं वाटत नाही, कारण बटण दाबलं की दिवा लागतो. पण १९१० च्या सुमारास पाण्यापासून मोठ्या प्रमाणात वीज काढायची आणि ती तारांवरून कित्येक मैल लांब न्यायची, हा उद्योग जगातच कोवळा होता. नायगाऱ्याचं मोठं वीजकेंद्र १८९५ चं. आपल्याकडे म्हैसूर संस्थानानं १९०२ साली शिवसमुद्रमला कावेरीवर वीज काढून कोलारच्या सोन्याच्या खाणींना दिली. फ्रान्समध्ये आरिस्तीद बेर्जेस नावाच्या कारखानदारानं आल्प्समधल्या पाण्याला फार सुंदर नाव दिलं होतं : पांढरा कोळसा. जळत नाही, धूर करत नाही, आणि दर वर्षी आभाळातून पुन्हा येतो.

मुंबईचा प्रश्न काळ्या कोळशाचा होता. गिरण्या वाफेवर चालत. कोळसा मुंबईजवळ कुठंच नाही. बंगालच्या खाणींतून आणायचा, नाही तर परदेशातून बोटीनं. म्हणजे तो महाग, आणि वाहतूक अडली की गिरणीही अडली. शिवाय धूर. मुंबईत १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून कल्पना करा. प्रदूषण हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण गिरणगावात दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी काळं होऊन घरात येत असेल, तर त्या माणसाला शब्दाची गरज नव्हती.

उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर होतं. तिथं पाऊस बेसुमार पडतो. माथ्यावरचं पाणी पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला, पुढं कृष्णेला मिळतं. पण तेच पाणी माथ्यावर अडवून पश्चिमेच्या कड्यावरून नळांतून खाली सोडलं, तर पाचशे मीटरची उडी मिळते. या उडीतच सगळी ताकद आहे. डेव्हिड गॉसलिंग नावाच्या मुंबईच्या वास्तुविशारदानं ही कल्पना मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलली. जमशेटजी १९०४ साली गेले. पुढचं काम दोराबजींच्या काळात झालं. १९१० साली कंपनी निघाली, १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. तुम्ही जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरून खोपोलीला आलात तर डोंगरावरून सरळ खाली येणारे ते जाड नळ आजही दिसतात. मी लहानपणी एसटीच्या खिडकीतून ते पाहून वडिलांना विचारलं होतं, यातून काय वाहतं? वडील म्हणाले, मुंबई.

या कंपनीनं जे केलं ते खरोखर मोठं होतं. हे मी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून कोणी म्हणेल की प्रोफेसरांना उद्योगधंद्याचा राग आहे. मुळीच नाही. भांडवल उभं राहिलं ते हिंदुस्थानात, त्यात संस्थानिकांनीही पैसे घातले. आणि हा काळ असा की, एवढं मोठं काम नेटिवांच्या पैशानं होईल यावर लंडनचा विश्वास नव्हता. ज्या गिरण्यांनी ही वीज घेतली त्यांची कोळशाची ददात गेली. धूर कमी झाला. आजच्या भाषेत, मूल्यनिर्मिती झाली आणि जागतिक समस्येवर उत्तरही मिळालं. खोपोलीपाठोपाठ १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. आणि भिऱ्याला वीज निर्माण व्हायची तर पाणी हवं मुळशीचं.

इथं गोष्ट वळते.

मुळशी पेटा म्हणजे मावळ. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरलं, त्यात पन्नासएक गावं जाणार होती. धरण पाणी कुठं साठवतं? दरीच्या तळाला. आणि मावळात दरीच्या तळाला काय असतं? भातखाचरं. वर डोंगरउतारावर नाचणी, वरई होते, तीही जमीन आळीपाळीनं पड टाकून. पण खाचर ही गोष्ट वेगळी. उतार कापायचा, बांध घालायचा, दर पावसात वाहून गेलेली माती पुन्हा आणून टाकायची, असं पिढ्यान्पिढ्या केल्यावर एक खाचर तयार होतं. मुळशीचा आंबेमोहोर तांदूळ पुण्यात आजही नाव घेऊन विकला जातो; तो या खाचरांतला. म्हणजे धरणाखाली किती एकर गेले हा अर्धाच हिशोब आहे. जे गेलं ते नेमकं सोनं होतं, आणि डोंगर तेवढा शिल्लक राहिला.

सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या. या कायद्यात संमती विचारायची तरतूदच नव्हती. सार्वजनिक हेतू आहे असं सरकारनं म्हटलं की झालं. प्रश्न उरतो फक्त मोबदल्याचा.

आता या शब्दाशी मी जरा थांबतो, सवयच आहे. मोबदला हा शब्द अरबीतून आला, त्यात अदलाबदल आहे. एक वस्तू घेतली, तिच्या बदली तिच्या तोडीची दुसरी दिली, हिशोब फिटला. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट यानं १७८५ साली एक भेद केला होता : ज्याच्या जागी तोडीचं दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही ते किमतीच्या पलीकडचं. कान्टला ती पलीकडची जागा माणसासाठी हवी होती, जमिनीसाठी नव्हे, हे मान्य. पण मावळ्याची अडचण त्याच भेदातून कळते. पैसे घेऊन त्यानं खाचर कुठून विकत आणायचं? मावळात नवी खाचरं बाजारात नव्हती. रोख रक्कम हातात आली तरी ती शेतकरी असण्याची बदली होऊ शकत नव्हती. मराठीत आपण किंमत आणि मोल असे दोन शब्द सांभाळून ठेवलेत, ते उगीच नाही. (तेच मोल मोलकरीण या शब्दात येऊन किती स्वस्त झालं, तो वेगळा विषय.)

आणि त्यातही मेख अशी की, मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळणार. कर्जापायी बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या होत्या; मावळा कुळ म्हणून कसत होता. सावकाराला भाव चांगला मिळाला तर त्याचं काही बिघडत नव्हतं, उलट बरंच. म्हणजे मुळशीच्या बाजूनं बोलणाऱ्यांतही दोन तट होते : एकाला दर वाढवून हवा होता, दुसऱ्याला जमीनच हवी होती. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या पुस्तकात हा पेच नीट उलगडला आहे. चळवळीचा इतिहास आपण वीररसात सांगतो तेव्हा नेमकं हेच गाळतो.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजाराहून जास्त मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी मिळाली तीच मुळी या लढ्यातून. घोषणा होती, जान किंवा जमीन. काही महिने काम तहकूब राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. अटका, तुरुंग, पुन्हा अटका. हळूहळू मोबदला घेणाऱ्यांची संख्या वाढत गेली, सत्याग्रही थकले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामावरची रेल्वेगाडी हत्यारानिशी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झालं.

त्या काळच्या सुशिक्षित मराठी माणसाची कोंडी मला फार खरी वाटते. एका बाजूला स्वदेशी उद्योग. इंग्रजाच्या नाकावर टिच्चून उभा राहिलेला. त्याला विरोध म्हणजे देशाच्या प्रगतीला विरोध नाही का? दुसऱ्या बाजूला शिवाजीमहाराजांचे मावळे म्हणून ज्यांचा आपण उत्सवात जयजयकार करतो त्यांचीच नातवंडं-पतवंडं. गांधीजींनी १९२१ साली ‘यंग इंडिया’त टाटांना फेरविचाराची विनंती केली; योजनेचा लाभ कितीही मोठा असो, गरिबाच्या इच्छेविरुद्ध लादलेल्या लाभाला काय अर्थ, असा त्यांचा रोख होता. पुढं याच चळवळीपासून ते दूरही झाले. म्हणजे त्यांनाही हे गणित सोपं गेलं नाही.

माझं मत विचाराल तर, वीज करायला नको होती असं मी म्हणणार नाही. मी जन्मभर त्या विजेच्या उजेडात वाचलं आहे. पण समस्या सोडवणं आणि समस्या हलवणं यात फरक असतो. मुंबईचा धूर गेला, त्याचा काही भाग पाण्याच्या रूपानं मुळशीत येऊन बसला. कंपनीच्या ताळेबंदात भांडवल होतं, यंत्रं होती, मोबदल्याची रक्कमही खर्चात होती. मावळ्यांना लाभातला वाटा मात्र कोणी देऊ केला नाही. त्यांनी समभाग मागितला नव्हता, हे खरं. पण ज्या खोऱ्याच्या उतारावर सगळा धंदा उभा, त्याला भागीदार मानायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. धरणाकाठच्या कितीतरी वस्त्यांनी मुंबईचा झगमगाट ऐकत रॉकेलवर पुढची दशकं काढली.

आणि हिशोब तेव्हाही पूर्ण नव्हता. १९१० साली पूर्वेला वाहून जाणारं पाणी म्हणजे वाया जाणारं पाणी, असं सगळे धरून चालले होते. आज टाटांच्या धरणांतून भीमेच्या खोऱ्यातलं वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास पाणी कोकणात उतरतं, आणि दुष्काळ पडला की सोलापूरकडून मागणी होते, आमचं पाणी आम्हाला द्या. द्यायचं म्हटलं तर पाताळगंगा, कुंडलिका यांच्या काठचे कारखाने आणि गावं आता त्याच पाण्यावर जगतात. शंभर वर्षांपूर्वी वाया जाणारं म्हणून ज्याची किंमत शून्य लावली, त्यासाठी आज दोन खोरी भांडत आहेत. किंमत शून्य लावलेल्या गोष्टींची यादी कोणत्याही नव्या उद्योगाकडं मी आधी मागेन. तिथं सगळं कळतं.

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. सूर्य रात्री नसतो, वारा मर्जीनं वाहतो. तेव्हा ही वीज साठवायची कशी, हा आजचा जागतिक प्रश्न आहे, आणि त्याचं एक उत्तर पुन्हा सह्याद्रीतच सापडलं आहे. दिवसा स्वस्त सौर विजेनं पाणी खालून वर चढवायचं, रात्री वरून खाली सोडायचं. भिऱ्याला असा संच आधीपासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी करार केला : शिरोता इथं १,८०० मेगावॉट आणि भिवपुरीला १,००० मेगावॉट. म्हणजे तेच डोंगर, तीच उडी. इतर कंपन्याही घाटमाथ्यावर जागा शोधत आहेत.

कायदा तेव्हाचा राहिलेला नाही. १८९४ चा कायदा गेला. २०१३ च्या कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. आपल्याकडं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ पासून आला. हे सगळं मुळशी, मग कोयना, मग आणखी किती धरणं, यांतून शिकून आलं. पण संमती कोणाची मोजणार? सातबाऱ्यावर नाव असलेल्याची, की कसणाऱ्याची? की गुरं चारणाऱ्या धनगराची आणि रानात हिरडा गोळा करणाऱ्या बाईची, ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही? सावकार आणि कूळ यांचा तो जुना तिढा अजून इथंच बसून आहे, फक्त घाटमाथ्यावरच्या जमिनी आता सावकाराऐवजी शहरातल्या दलालांच्या आणि बंगलेवाल्यांच्या नावावर झाल्यात.

तेव्हा पटतं का, या प्रश्नाला माझं उत्तर : नफा आणि लोकहित एकत्र नांदू शकतात हे मला पटतं, खोपोलीला ते नांदलेलं मी पाहिलं आहे. पण मुळशीत काय झालं हे विचारल्याशिवाय खोपोलीचं उदाहरण मी कोणाला देऊ देणार नाही.

वेळ संपत आली. ज्यांनी हा प्रश्न पाठवला ते आज जोडलेले आहेत असं समन्वयक खुणावताहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांनीच करावी.