गळालेली चतुर्थी आणि उशिरा आलेला 'टू'

दिली जाणारी वस्तू आणि ती घेणारी व्यक्ती अशी दोन कर्मे ज्या क्रियापदाला लागतात त्याला द्विकर्मक म्हणतात. इंग्रजीत त्याचा ठळक नमुना म्हणजे 'गिव्ह'. मूळच्या अमेरिकन असलेल्या लिंडली मरे या वकिलाने यॉर्कजवळ राहून लिहिलेल्या आणि १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याकरणात 'गिव्ह मी द बुक' या वाक्यात 'टू' अध्याहृत, म्हणजे न उच्चारता गृहीत धरलेला, मानला आहे. भाषेचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे.

१०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत घेणाऱ्याची चतुर्थी आणि वस्तूची द्वितीया होत असे, त्यामुळे 'क्युनिंग' म्हणजे राजा आणि देण्याच्या वाक्यात 'क्युनिंगे' म्हणजे राजाला. 'राजाने ब्राह्मणाला गाय दिली' या वाक्यातील शब्द कसेही फिरवले तरी 'ला' जसा अर्थ सांभाळून घेतो, तशीच ती सोय होती, आणि संस्कृत वैयाकरण पाणिनीच्या संप्रदानाशी, म्हणजे ज्याला द्यायचे त्याच्या कारकाशी, तिचे नाते मरेच्या स्पष्टीकरणापेक्षा जवळचे होते. परंतु शब्दाच्या आरंभी येणाऱ्या आघातामुळे शेवटचे स्वर पुसट होत गेले आणि पीटरबरोच्या मठातील बखरीच्या ११५४ पर्यंतच्या अखेरच्या नोंदींत प्रत्ययांची ही झीज उघड दिसते.

प्रत्यय गेल्यावर कोण घेणारा आणि कोणती वस्तू हे सांगण्याचे काम शब्दक्रमावर आले: आधी घेणारा, मग वस्तू. त्याच्या जोडीला, पूर्वी मुख्यतः पाठवणे-आणणे अशा क्रियांसोबत दिशा दाखवणारा 'टू' देण्याच्या क्रियापदांतही पसरला. म्हणजे 'टू' गाळला गेला नव्हता, तो नंतर आला. पुढे लॅटिन-फ्रेंच घराण्यातून आलेल्या 'एक्स्प्लेन'सारख्या क्रियापदांनी 'टू'चीच वाट धरली, म्हणून 'मला समजावून सांग' या मराठी सवयीने 'एक्स्प्लेन मी' म्हणणारा विद्यार्थी चुकतो. मात्र 'प्रॉमिस' आणि 'ग्रँट' हीही त्याच घराण्यातली असून त्यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, तेव्हा केवळ कुळावरून निवाडा होत नाही.

सर्वनामांत मात्र जुनी विभक्ती टिकून राहिली. 'त्याला' या अर्थाचे द्वितीयेचे रूप 'हिने' लोपले आणि चतुर्थीचे 'हिम' दोन्ही कामे करू लागले, त्यामुळे 'गिव्ह हिम द बुक' या वाक्यात मरेला जिथे 'टू'ची उणीव भासली असती, तिथे 'हिम'च्या शेवटच्या 'म'मध्ये जुना चतुर्थीचा प्रत्यय आजही उच्चारला जातो.