मागच्या स्पीकरची वजाबाकी

घरातला स्टिरिओ जाऊन सराउंड साउंड आला, हा इतिहास सहसा स्पीकरांच्या बेरजेने सांगितला जातो: दोनाचे चार, चाराचे सहा. मला तो वजाबाकीचा इतिहास वाटतो.

इंग्लंडमधील ॲलन ब्लूमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खोबणीत दोन ध्वनी कोरण्याची युक्ती त्यात होती. शिवाय डाव्या-उजव्या ध्वनींची बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळी हाताळण्याचा विचारही होता. मध्यभागी उभा असलेला गायक वजाबाकीत नाहीसा होतो. उरतो तो सभागृहाचा घुमारा, टाळ्या. दोन्ही बाजूंना सारखे न पोहोचलेले सारे काही.

अमेरिकेतील डेव्हिड हॅफलर यांनी १९७० च्या सुमारास हीच वजाबाकी नुसत्या तारेने साधली. मागचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांमध्ये जोडायचा. दोन्हीकडे समान असलेला ध्वनी त्यातून वाहतच नाही. (दोन्ही ऋण टोके आतून एकच असलेल्या ॲम्प्लिफायरवरच हे करावे.) मैफलीच्या स्टिरिओ मुद्रणावर मी हे ऐकले आहे: गायिका समोरच राहते, श्रोते मात्र आपल्या पाठीमागे येऊन बसतात.

इतके स्वस्त उत्तर कंपन्यांना कसे परवडावे? त्याच दशकात चार स्पीकरांसाठीच्या क्वाड्रफोनिक तबकड्या आल्या. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसी आणि आरसीएची सीडी-४. पहिल्या दोन पद्धती चार ध्वनी गणिताने दोनांत गुंडाळत. तिसरी खोबणीत ३० किलोहर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी लहर कोरून तिच्यावर फरक चढवी. तिला सुईही खास लागे. एकीचे यंत्र दुसरीला नीट चालेना. ग्राहकाने कोणाची बाजू घ्यावी? दशक सरता सरता तो बाजार उठला.

विद्या मात्र चित्रपटगृहात गेली. डॉल्बीने ३५ मिलिमीटर फितीवरच्या दोन ध्वनिपट्ट्यांत चार वाहिन्या त्याच धर्तीवर गुंडाळल्या. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने ती पद्धत गाजवली. पुढे स्टिरिओ व्हिडिओ कॅसेटवर त्या पट्ट्यांतली गुंडाळी तशीच उतरली. म्हणजे मागचा ध्वनी घरात येऊन पडला होता, तो उलगडणारे यंत्र तेवढे नव्हते. ते १९८२ मध्ये ‘डॉल्बी सराउंड’ नावाने आले. गाभ्यात तीच वजाबाकी, आणि समोरचा शब्द आधी कानी पडावा म्हणून मागच्या ध्वनीला किंचित उशीर. १९८७ च्या ‘प्रो लॉजिक’ने समोर मधल्या स्पीकरची भर घातली. स्वतंत्र वाहिन्या मिळाल्या त्या १९९० च्या दशकातल्या डिजिटल ५.१ मध्ये, तोवर मागच्या स्पीकरचा चरितार्थ समोरच्या दोघांमधल्या फरकावरच चालला.