रणजी करंडकाच्या एका हंगामातील सर्वाधिक बळी

रणजी करंडक या भारतातील प्रमुख प्रथम श्रेणी क्रिकेट स्पर्धेच्या एका हंगामात सर्वाधिक बळी घेण्याचा विक्रम विदर्भाचा डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबे याने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन नोंदवला. त्यापूर्वी हा विक्रम बिहारच्या आशुतोष अमन (६८ बळी, २०१८-१९) याच्या नावावर होता.

सामन्यांची संख्या

बेसबॉलमध्ये चेंडूफेक्या हंगामात किती सामन्यांत उतरला, याचीही विक्रम म्हणून नोंद होते. लॉस एंजेलिस डॉजर्सचा माइक मार्शल १९७४ मध्ये १०६ सामन्यांत खेळला. रणजी सामना चार किंवा पाच दिवस चालतो आणि अंतिम फेरी गाठणाऱ्या संघालाही अलीकडच्या हंगामांत दहा-अकराच सामने मिळतात. त्यामुळे येथे गोलंदाजाच्या हंगामाचे मोजमाप बळींवरून होते. तरीही बळींचा आकडा सामन्यांच्या संख्येवर अवलंबून असतोच. १९३४-३५ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा प्रारंभी बाद पद्धतीने खेळली जात असे व पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाच्या गोलंदाजाचा हंगाम तेथेच संपे. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाल्यावर मोठे आकडे शक्य झाले.

विक्रमाची वाटचाल

दिल्लीच्या बिशनसिंग बेदी यांनी १९७४-७५ मध्ये ८.५३ च्या सरासरीने ६४ बळी घेतले. हा विक्रम चार दशकांहून अधिक काळ टिकला. कर्नाटकचा दोड्डा गणेश (१९९८-९९) आणि हैदराबादचा कंवलजित सिंग (१९९९-२०००) हे दोघेही ६२ बळींपर्यंत पोहोचले.

२०१८-१९ मध्ये बिहारचा संघ दीर्घ खंडानंतर स्पर्धेत परतला. त्याला प्लेट गटात ईशान्येकडील राज्यांच्या नवख्या संघांशी खेळावे लागले. अमनने ८ सामन्यांत ६.४८ च्या सरासरीने ६८ बळी घेतले. प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जामुळे या आकड्याची बेदींच्या कामगिरीशी थेट तुलना करणे योग्य ठरत नाही. मात्र विक्रमाच्या नोंदीत असा भेद केला जात नाही. त्याच हंगामात विदर्भाच्या आदित्य सरवटेने ५५ बळी घेतले व विदर्भाने सलग दुसरे विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राचा कर्णधार जयदेव उनाडकट याने १३.२३ च्या सरासरीने ६७ बळी घेऊन संघाला पहिले विजेतेपद मिळवून दिले. वेगवान गोलंदाजाने एका हंगामात घेतलेले ते सर्वाधिक बळी होत.

दुबे, अमन, उनाडकट आणि बेदी हे चौघेही डाव्या हाताने गोलंदाजी करणारे असून उनाडकट वगळता सर्व फिरकी गोलंदाज आहेत. डाव्या हाताच्या पारंपरिक फिरकीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो.

२०२४-२५ चा हंगाम

दुबेने १० सामन्यांत १६.९८ च्या सरासरीने ६९ बळी घेतले. वरील चौघांत ही सरासरी सर्वांत महाग आहे; पण हे बळी एलिट गटातील साखळी व बाद फेरीच्या सामन्यांत मिळालेले आहेत. नागपूरजवळील जामठा येथे केरळविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात त्याने पहिल्या डावात ३ बळी घेऊन अमनला मागे टाकले. विशेष म्हणजे सरवटे या सामन्यात केरळकडून खेळत होता. विदर्भाने पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेतली आणि दुसऱ्या डावात पाचव्या दिवसापर्यंत फलंदाजी केली. सामना अनिर्णित राहिला व आघाडीच्या जोरावर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. केरळचा दुसरा डावच न झाल्याने दुबेला सत्तरावा बळी मिळवण्याची संधी मिळाली नाही. हंगामात ४७६ धावाही करणारा दुबे स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला.

महाराष्ट्रातील इतर संघ

राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकात उतरतात. पाथरी, परभणीसह मराठवाडा महाराष्ट्र संघाच्या कार्यक्षेत्रात येतो. मुंबईच्या शम्स मुलाणी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने २०२१-२२ मध्ये ४५ बळी घेतले. करोना साथीमुळे त्या हंगामात साखळी सामने कमी होते आणि मुंबई अंतिम फेरीपर्यंत पोहोचूनही त्याला सहाच सामने खेळता आले.